बिंदुमाधवानं लावलेला क्रम

माझा धाकटा भाऊ बिंदुमाधव एका गोष्टीसाठी प्रसिद्ध आहे, आणि ती गोष्ट चारचौघांत सांगायची मला अजून लाज वाटते. जपानी कार्टून कोणत्या क्रमानं बघावं, हे तो लोकांना सांगतो. कार्टून म्हटलं की त्याचं तोंड उतरतं. ॲनिमे म्हणायचं. मी मुद्दाम कार्टूनच म्हणते.

चाळिशी ओलांडलेला, शेंडी राखलेला, ब्रह्मा घाटावर राहणारा आणि पौरोहित्यावर पोट भरणारा माणूस हा. नागपूर-अमरावतीकडून यात्रेकरू येतात, त्यांचे संकल्प, श्राद्धं, अभिषेक करतो. तिथंही याचा हाच जाच. आधी पंचगंगा घाटावर स्नान, मग ज्याच्यावरून याचं नाव ठेवलं त्या देवाचं दर्शन, मग मंगला गौरी, मग बाकी सगळं. एकदा एक म्हाताऱ्या बाई गल्ली चुकून आधीच मंगला गौरीला जाऊन आल्या. झालं. यानं त्यांना पुन्हा घाट उतरायला लावला, पुन्हा स्नान, पुन्हा पहिल्यापासून. बाईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. मला भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "तुमचे भाऊ फार शास्त्रशुद्ध हो." मी म्हटलं, "शास्त्र कसलं त्यात, हट्टी आहे नुसता."

मी गीता. याच गावात महमूरगंजात राहते, मुलींच्या शाळेत गणित शिकवते आणि कोणाचंही खूळ ऐकून घ्यायला माझ्याकडे वेळ नसतो. माहेरी जाते ती वडिलांसाठी.

आमचे वडील विष्णुशास्त्री, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. जन्मभर त्यांनी घरी विद्यार्थ्यांना वेदाची संथा दिली. संथा म्हणजे गुरूनं म्हणायचं आणि विद्यार्थ्यानं त्याच्यामागून म्हणायचं, पुन्हा पुन्हा, पाठ बसेपर्यंत. आधीचं पक्कं झाल्याखेरीज अण्णा पुढचा शब्द तोंडातून काढायचे नाहीत. एक स्वर इकडचा तिकडे झाला की पुन्हा सुरुवातीपासून. आणि स्वतःच्या पदरचं एक अक्षर जरी कोणी मिसळलं, तर त्या दिवशीचा पाठ बंद, तो पोरगा गेला घरी. बिंदू त्यांच्यापुढं निम्म्यापर्यंत आला आणि एक दिवस जो उठला तो परत बसला नाही. वेद सुटला. क्रमाचं खूळ तेवढं अंगाला चिकटून राहिलं, आणि ते यानं नेऊन ओतलं कशात, तर जपानी कार्टुनात.

त्या कार्टुनाची गोष्ट मला माहीत आहे, कारण माहेरी गेलं की दुसरं काही कानावर पडतच नसे. एका राणीचं राज्य बर्फाखाली गेलंय. तिला तिच्या गावी जायचंय. सोबत एक मीठ विकणारा माणूस आणि त्याचा बैल. बैल बोलतो. नुसता बोलतो नाही, सल्ले देतो. ही एवढी गोष्ट सांगायला कोणा लेखिकेनं जाडजूड पुस्तकांची माळ लावली आहे, आणि त्या पुस्तकांवरून कार्टून काढलंय. कार्टूनवाल्यांनी घातला घोळ. त्यांनी पहिल्या दोन पुस्तकांवरून पहिला सीझन केला, तिसरं गाळलं, दुसऱ्या सीझनची सुरुवात चौथ्या पुस्तकाच्या शेवटातून केली, आणि गाळलेल्या तिसऱ्याचा मग सिनेमा काढला. वर मीठवाल्याच्या लहानपणावर एक जादाचं पुस्तक. आता सामान्य माणूस काय करेल? समोर येईल ते बघेल आणि झोपेल. बिंदूनं काय केलं? इंटरनेटवर पान उघडलं.

त्या पानावर देशभरातली रिकामी पोरं येतात आणि याला गुरुजी म्हणतात. विचारतात, "गुरुजी, सीधे सीज़न दो से शुरू कर दें?" हा लिहितो, "नहीं." बस, एवढंच. कोणी फारच गयावया केली, की सविस्तर कारण देतो. पहिली दोन पुस्तकं वाचा, मग पहिला सीझन बघा. मग जादाचं पुस्तक, कारण मीठवाला मीठ का विकतो हे कळल्याशिवाय पुढचं रडू वाया जातं. मग तिसरं. सिनेमा त्यानंतर, आधी नाही. कोणी आधी सिनेमा बघितला असं कबूल केलं, तर हा त्याला प्रायश्चित्त दिल्यासारखा पुन्हा पहिल्या पुस्तकावर पाठवतो, आणि ती पोरं जातात. त्या म्हाताऱ्या बाईंचे गुडघे मला दर वेळी आठवतात.

मी एकदा विचारलं, "यातून मिळतं काय तुला?"

"लोक नीट बघतात, ताई."

"नीट नाही बघितलं तर कोणाचं काय अडतं?"

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, की जणू मी देवघरात चपला घालून शिरले.

त्याची बायको कस्तुरी सोसते सगळं. ती सांगलीची. शब्दाला शब्द वाढवत नाही, हा तिचा गुण आणि हाच तिचा दोष. मी असते तर ती पुस्तकं रद्दीवाल्याच्या गाडीवर ठेवून मोकळी झाले असते.

मग अण्णांचं हृदय थकलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की आता इस्पितळात ठेवून उपयोग नाही, घरी न्या, आवडीचं खाऊ-पिऊ घाला, मन रमवा. घरी आणलं. पाठ नाही, विद्यार्थी नाहीत, डोळ्यांना अक्षर दिसत नाही. दिवसभर आढ्याकडं बघत पडून राहायचे. कोणी बोलायला बसलं तर हं म्हणायचे आणि तोंड फिरवायचे. जेवण दोन घासांवर आलं. मी वरणभात कालवून पुढं केला तर म्हणाले, "कशासाठी?" मी घास खाली ठेवला.

आणि एका दुपारी बिंदू त्यांच्या उशाशी बसून फोनवर ते कार्टून बघत होता. कानात ते बोळे घालायला विसरला होता की मुद्दाम घातले नव्हते, देव जाणे. अण्णा म्हणाले, "कोण बोलतंय ते?"

"बैल," बिंदू म्हणाला.

"काय म्हणतोय?"

झालं, तिथून सुरू. दुसऱ्या कोणी तिथून पुढं दाखवलं असतं. आमचे गुरुजी उठले, कपाटातून पहिलं पुस्तक काढलं आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. पुस्तकं इंग्रजीत, हा वाचायचा आणि मराठीत सांगायचा, मधेमधे हिंदी घुसायची. एवढा मोठा वैदिक, आणि शेवटच्या दिवसांत ऐकतोय काय, तर बोलक्या बैलाची कथा. मला संताप यायचा. लोक या वयात गीता ऐकतात. माझं नाव कशाला ठेवलंत मग, असं मी अण्णांना तोंडावर म्हटलं. ते म्हणाले, "ती पाठ आहे मला. पुढं काय होतं ते माहीत आहे."

पण जेवायला लागले, हे मला मान्य केलंच पाहिजे. प्रकरण संपलं की घास, असा बिंदूचा नियम. राणी डोंगर चढली की आमटी, उतरली की भात. पडद्यावर त्यांना धूसर दिसायचं, तरी बर्फाचा पांढरा रंग दिसतो म्हणायचे.

थंडी सरता सरता अण्णांचे पाय सुजले. श्वास बोलताना तुटायला लागला. आता किती दिवस, हे कोणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांना दिसत होतं. आणि त्यांनी बिंदूच्या मागं लकडा लावला, की ती राणी घरी पोचते का, तेवढं सांग. बाकी राहू दे. पोचते का नाही?

आणि हा शहाणा म्हणतो, "आधी जादाचं पुस्तक व्हायचंय, अण्णा."

ही गोष्ट माझ्यासमोर घडली. जन्मभर अण्णांनी पोरांना हेच उत्तर दिलेलं, आता बोलणार तरी काय? बिंदू दुकानातून औषध आणायला गेला, तेव्हा मला जवळ बोलावून म्हणाले, "गीता, तुझ्या फोनात सगळं असतं ना? ती घरी पोचते का, बघून ठेव. मला तेवढं कळलं म्हणजे पुरे. फार वाट बघवत नाही आता."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. बाप मरायला टेकलाय, एक साधी गोष्ट विचारतोय, आणि हा माणूस त्याला नियम ऐकवतोय. मी फोन उघडला. म्हटलं, दोन मिनिटांत राणीला घरी पोचवते आणि मग गुरुजींची गाठ घेते.

दोन मिनिटांत कळलं ते वेगळंच. शेवट नाहीच. ती लेखिका अजून लिहिते आहे, म्हणजे लिहीत होती, आता कधीची थांबली आहे. शेवटच्या छापलेल्या पुस्तकात राणी एका खिंडीतल्या धर्मशाळेत आजारी पडून राहिली आहे, आणि पुढचं पुस्तक कधी येणार ते कोणालाच ठाऊक नाही. जगभरातले शहाणे एकमेकांना विचारतायत, कोणाला काही कळलं का.

मी बिंदूचं पान उघडलं. तिथं जादाचं पुस्तक पहिल्या सीझननंतर लगेच वाचा म्हणून लिहिलेलं, मोठ्या अक्षरांत. मग अण्णांना ते आत्तापर्यंत का वाचून दाखवलं नव्हतं? मला काही संगती लागेना. मी स्वयंपाकघरात गेले. कस्तुरी पोळ्या लाटत होती.

"कस्तुरी, यांची सगळी पुस्तकं संपली का वाचून?"

"ते जादाचं सोडून सगळी संपली वन्सं. थंडीतच संपली."

"मग इतके दिवस चाललंय काय?"

"कार्टून एकदा जपानीत बघितलं, मग तेच हिंदीत. मग म्हणाले, दुसरं पुस्तक नीट झालं नव्हतं, ते पुन्हा. मग मागचं थोडक्यात सांगणारा एक भाग आहे, तो." तिनं पोळी तव्यावर टाकली. "एक पुस्तक मागं ठेवलंय त्यांनी. ते संपलं की वाचायला काही उरत नाही ना."

"आणि तुला हे माहीत होतं?"

"तुम्हाला आत्ता कळलं?" ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, असं म्हणायला मी तयार नाही.

बिंदू घाटावर सापडला. बालाजी घाटाच्या पायरीवर औषधाची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. दुकानातून सरळ घरी यायचं सोडून तिथं काय करत होता, विचारायची गरज नव्हती. घाबरट माणूस. लहानपणापासूनचा.

"शेवटच नाहीये तुझ्या गोष्टीला," मी म्हटलं.

"माहीत आहे."

"आणि तू त्यांना क्रम सांगतोयस."

"ताई, रोज सकाळी ते विचारतात, आज कुठलं. त्यासाठी उठून बसतात. दूध घेतात. ते पुस्तक संपलं की मी उद्या काय सांगू?"

"त्यांना उद्या नकोय रे. त्यांना ती घरी पोचलेली हवी आहे."

मी त्याला खूप बोलले. तू वेद अर्धा टाकलास, म्हटलं, आता बापालाही अर्ध्यावर ठेवतोयस. क्रम बाजूला ठेव, तुला त्यांना सोडवत नाहीये, एवढं कबूल कर. तो म्हणाला, "नाही सोडवत. तुला सोडवतं?"

मी त्याच्या हातातली पिशवी ओढून घेतली आणि घराकडं चालू लागले. तो मागून आला.

खरं सांगायचं तर वाटेत मी एक शेवट तयार केला होता. पोचते म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. पण अण्णांसमोर खोटं बोलायची आमच्या घरात कोणाची छाती नाही. आवाजावरूनच ओळखतात. मी आत गेले तर ते उशीला टेकून बसलेच होते.

"बघितलंस?"

"बघितलं अण्णा. लिहिलेलंच नाही अजून. राणी धर्मशाळेत आजारी आहे, त्यापुढं कोणी काही लिहिलेलं नाही."

अण्णा हसले. हसायलाही श्वास पुरत नव्हता, खोकला आला. "म्हणजे हे गाढव इतके दिवस मला घोळवतंय," ते म्हणाले. दारात उभा असलेला बिंदू खाली बघत होता. "आत ये. बस इथं."

बिंदू येऊन समोर बसला. मांडी घालून, पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. पाठाला बसायचा तसाच बसला, सवयीनं. येता येता कपाटातून काढलेलं जादाचं पुस्तक मांडीवर होतं.

"ते ठेव बाजूला," अण्णा म्हणाले. "पुढचं तू सांग."

"पुढचं नाहीये अण्णा."

"नाहीये ते कळलं. तू सांग."

बिंदूला समजेना. मला समजलं, आणि माझा कानांवर विश्वास बसेना. एक अक्षर पदरचं घातलं म्हणून पोरांना घरी पाठवणारा माणूस हा. तो स्वतःच्या तोंडानं सांगत होता, की मनचं सांग.

"मला येत नाही," बिंदू म्हणाला. "ते माझं नाहीये. मी कसं..."

"किती वेळा वाचलंस?"

"पुष्कळ."

"मग कोणाला येणार? मी चाललो आता, बिंदू. त्या बाईला तशीच धर्मशाळेत टाकून जाऊ? पोचव तिला."

बिंदूचे डोळे भरले. कस्तुरी हात पुसत दाराशी येऊन उभी राहिली. तिथून पळून जाण्याची त्याला पुष्कळ सवय होती. एकदा याच जागेवरून उठून गेला होताच. मला खात्री होती, की आताही उठणार. मी तर त्याला अडवायला पुढं सरकले होते.

तो उठला नाही. त्यानं घसा साफ केला आणि सुरुवात केली. इतकी वाईट सुरुवात मी ऐकलेली नाही. राणीला बरं वाटलं, म्हणाला. मग ती निघाली.

"अशी कशी निघाली?" अण्णा म्हणाले. "ताप उतरला का? बैलानं काही म्हटलं का? नीट सांग. पुन्हा."

त्यानं पुन्हा सांगितलं. मीठवाला रात्रभर जागला, सकाळी ताप उतरला. बैल म्हणाला, पाठीवर बसा, आज मीठ नको. मीठ तिथंच सोडलं. अण्णांनी मान हलवली, म्हणजे हे चालेल. मग खिंड. मग उतार. दोनदा त्यांनी अडवलं, की हा बैल असं बोलणार नाही, आणि बिंदूनं दोन्हीदा मागं जाऊन बदललं. हळूहळू त्याचा आवाज लागला. तो कुठल्या बर्फाच्या देशात होता कोण जाणे. खालच्या गल्लीत कोणीतरी स्कूटरचा हॉर्न वाजवत होतं. बर्फ वितळलेला. नदी. ओळखीची झाडं. राणीनं बैलाच्या पाठीवरून उतरून चालायला सुरुवात केली. गावाची वेस आली. घर आलं.

तिथं तो थांबला.

"थांबलास का?" अण्णा म्हणाले. डोळे मिटलेले होते. "दार वाजव."

"वाजवलं."

"उघडलं का कोणी?"

बिंदूला पुढं बोलता येईना. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मला ते बघवेना. मीच म्हटलं, "उघडलं, अण्णा. घरात सगळे होते."

अण्णांनी डोळे उघडले नाहीत. "तू वाचली आहेस का ती पुस्तकं?"

"नाही."

"मग तू गप्प बस. त्याला सांगू दे."

बिंदूनं पुस्तक मांडीवरून खाली ठेवलं आणि अण्णांचा सुजलेला हात हातात घेतला. "उघडलं," तो म्हणाला. "सगळे घरात होते." माझेच शब्द होते. पण त्याच्या तोंडून ऐकल्यावर अण्णा हं म्हणाले आणि हळूच उशीवर आडवे झाले. बिंदू हात धरून बसून राहिला, आणि मी खरोखरच गप्प बसले.